हुकूम वरचा, जोखीम खालच्याची
(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



२०१६ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण खात्याने एक आदेश काढला होता. शिक्षकाने दर सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासह मोबाईलवर सेल्फी काढावी आणि ती ‘सरल’ प्रणालीवर चढवावी. म्हणजे मुले शाळेत येतात की नाही हे कळेल, अशी ती कल्पना. शिक्षकांनी विरोध केला, आदेश बारगळला. वृत्ती मात्र बारगळली नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा व्हॉट्सॲपच्या गटांवर भरू लागली आणि टाळेबंदी उठली तरी गट उठले नाहीत. गृहपाठ, खिचडीचे वाटप, वृक्षारोपण, साऱ्याचा पुरावा म्हणून मुलांचे चेहरे या गटांवरून फिरत असतात. त्याला संमती कोणी दिली आणि ती छायाचित्रे कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये किती वर्षे पडून राहणार, हे विचारण्याची रीतच नाही.

कायदा मात्र या बाबतीत फार कडक आहे, आणि त्याची कडक बाजू नेमकी खालच्या माणसाकडे वळलेली आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब मुलांचे अश्लील चित्रण प्रसृत करणाऱ्याला, आणि ते उतरवून घेणाऱ्यालाही, पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड सांगते. नववीतल्या मुलाने वर्गातील मुलीचे तसले चित्र थट्टेने पुढे पाठवले, तरी तो या कलमाच्या कक्षेत येतो. वय अठराच्या आत म्हणून प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, इतकाच फरक. शिक्षकाची गत याहून चमत्कारिक. ‘पाहा, मुले काय करतात’ म्हणून तेच चित्र सहकाऱ्यांच्या गटावर टाकणारा, मनाने अगदी स्वच्छ असलेला माणूसही त्याच कलमात सापडू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात पोक्सो कायद्याच्या कलम १५ चा अर्थ स्पष्ट केला आहे. पुढे पाठवण्याच्या हेतूने असे चित्रण जवळ ठेवले, नष्ट केले नाही वा खबर दिली नाही, तर ते प्रत्यक्ष पाठवले नसतानाही गुन्हा पूर्ण होतो. म्हणून चित्र कोठेही न पाठवता पोलिसांना खबर देणे, एवढा एकच मार्ग शिक्षकाला मोकळा आहे. ही खबर ऐच्छिक नव्हे. कलम १९ ने ती बंधनकारक केली आहे आणि न देणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. गुन्हा नोंदवण्यात दिरंगाई झाली आणि २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. वेळीच खबर न दिल्याबद्दल शाळाचालकांवरही गुन्हा दाखल झाला. लोकांचा संताप न्याय्यच होता. परंतु अशा प्रसंगी कार्यकर्त्यांच्या हातूनही एक चूक घडू शकते. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाचे नाव वा छायाचित्रच नव्हे, तर कुटुंब, शाळा, शेजार असा ओळख पटवणारा कोणताही तपशील माध्यमांतून उघड करता येत नाही. सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद आहे. निषेधाचा मजकूर मोबाईलवरून पाठवण्यापूर्वी हे कलम वाचलेले असावे.

आता दुसरी बाजू. ज्या कंपन्यांच्या यंत्रणेवरून हे सारे वाहते, त्यांना त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ने, आवश्यक दक्षता घेतल्यास, वापरणाऱ्यांच्या मजकुराच्या दायित्वातून सूट दिली आहे. नफा वरच्याचा आणि फौजदारी खालच्याची! ऑस्ट्रेलियाने उलटा मार्ग धरला. तेथे १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना अनेक मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई आहे. पण दंड मुलाला नाही, पालकाला नाही, तो कंपनीला. बंदीच्या उपयुक्ततेविषयी मतभेद असू शकतात. जबाबदारी कोणावर टाकायची, हे मात्र तेथे नीट ओळखले गेले. भारतात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या तरतुदींच्या अंमलासाठी तेव्हापासून आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

शिक्षकाच्या स्वतःच्या मताचाही प्रश्न आहेच. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. त्यात शासनाच्या धोरणांवर टीका करण्यास मनाई आहे. म्हणजे खात्याची प्रसिद्धी शिक्षकाने करावी, खात्याविषयी बोलू मात्र नये. धाक दाखवणाऱ्यांचे कायद्याचे ज्ञान पुष्कळदा बेताचेच असते. ज्या कलम ६६-अ खाली २०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील मतासाठी अटक झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले आणि २०२२ साली न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. गटाचा ॲडमिन म्हणून वर्गशिक्षकाला दमात घेतले जाते, त्यालाही उत्तर आहे. दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराला, समान हेतू वा पूर्वनियोजन दिसल्याखेरीज, ॲडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितले आहे.

यावर उपाय गावपातळीवरही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली असून तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. शौचालयाची दुरुस्ती आणि झेंडावंदन यांपलीकडे या समित्यांना कामाला लावले पाहिजे. पालकाच्या लेखी संमतीवाचून मुलाचे छायाचित्र काढू नये, शाळेच्या कामासाठी शिक्षकाचा खाजगी मोबाईल सक्तीने वापरू नये, वर्गाच्या गटावर फक्त सूचना याव्यात, आणि वरून याविरुद्ध हुकूम आल्यास तो लेखी मागावा, असा ठराव कोणतीही समिती करू शकते. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी, आणि पोच घ्यावी.