गावाचा जमाखर्च



उमरोळीच्या फलाटावरून दक्षिणेची गाडी धरली तर पुढचे स्थानक पालघर, उत्तरेची धरली तर बोईसर. आमची निम्मी माणसे इकडे, निम्मी तिकडे पोटासाठी जातात. २०११ च्या जनगणनेत पालघर नगरपरिषदेची वस्ती सुमारे ६९ हजार भरली. बोईसरची ३६ हजारांवर गेली आणि जनगणनेने त्याला शहर म्हटले. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच होता. शेजारी तारापूरची औद्योगिक वसाहत! शहराची गर्दी आणि घाण आधी येते, शहराची तिजोरी मागून येते, हा याचा अर्थ. उद्या ही पाळी उमरोळीवरही येईल, म्हणून आजच हिशेब समजून घेऊ.

नगरपरिषदेच्या पेटीत पैसा दोन वाटांनी येतो. एक स्वतःची कमाई, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे. दुसरे अनुदान. पूर्वी जकात ही मोठी कमाई होती. नाक्यावर ट्रक खोळंबत, व्यापारी बोटे मोडीत, पण पैसा रोजचा रोज येई. महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ साली उठली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. कमावत्या माणसाने दर महिन्याला थोरल्या भावापुढे हात पसरावा, तशी ही अवस्था झाली. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १८ विषयांची यादी दिली. कर कोणते द्यावयाचे, हे मात्र राज्यावर सोपविले.

अनुदान म्हणजे मोकळा पैसा नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांच्या अनुदानाचे ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून ठेवले. उरलेले ४० टक्के स्थानिक गरजेप्रमाणे वापरावेत, पण पगार आणि आस्थापनेवर नव्हे, असे ठरविले. म्हणजे गटार बांधायला पैसा मिळतो. ते रोज उपसणाऱ्याच्या पगाराला घरचाच पैसा लागतो.

आणि घरचा पैसा कसा जमतो? १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात भाडेमूल्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून घरपट्टी आकारण्याची रीत आहे. वार्षिक भाडे २४,००० रुपये धरले तर आकारणी २१,६०० वर. पण निवडणूक जवळ आली की फेरआकारणीचे नाव कोणी काढीत नाही. बड्याची थकबाकी राहते, आणि चाळीतल्या बाईकडे वसुली कारकून दोनदा जातो.

तूट पडली की कात्री कोठे लागते? दिवाबत्ती कमी केली तर बोंब होते. सफाईची कायम जागा रिकामी ठेवली तर ऐकू येत नाही. मग कंत्राटदार येतो, झाडू तोच, हात तेच, मजुरी मात्र अर्धवट आणि उशिरा. कंत्राटदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने भरावी, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिले. तेव्हा ही बचत नव्हे. झाडणाऱ्याच्या घरातून काढलेले हे बिनव्याजी कर्ज आहे!

मंडळी, पट्टी वाढवू नका, असे आम्ही म्हणणार नाही. कामगाराचा पगार पट्टीतूनच निघतो. आमचे मागणे इतकेच: अंदाजपत्रक चौकात वाचले जावे, घरपट्टीची मागणी किती, वसुली किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडावे, थकबाकीदारांची यादी वरच्या टोकापासून वाचावी. आणि सफाई कामगाराला देणे किती राहिले, हा आकडा त्याच पानावर यावा. गावाची तब्येत त्या आकड्यावरून ओळखावी.