तुटपुंजी मिळकत आणि फुरसतीचा आनंद : गिरणगावाचा जमाखर्च
(व्याख्यानाची संहिता)



विरंगुळ्याला पैसा लागतो, हा समज अलीकडे इतका रूढ झाला आहे की, महिनाअखेरीस ज्या घरात ओढाताण होते त्या घराने फुरसतीचा विचारच सोडून दिलेला असतो. निवृत्त कारकून, दुकानातील नोकर, शिलाईकाम करून संसाराला हातभार लावणारी गृहिणी यांच्या खर्चाच्या वहीत ‘मनोरंजन’ या नावाचे खातेच नसते. असलेच तर तेथे दूरचित्रवाणीचे मासिक शुल्क तेवढे आढळते. हा समज कितपत खरा, हे तपासण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्यांनी विणलेले कापड मूळजी जेठा मार्केटमधून गावोगावच्या दुकानांत पोहोचले, त्या मुंबईच्या गिरणी कामगारांचे फावल्या वेळाचे जीवन पाहिले तरी पुरे.

प्रथम वेळेचाच हिशेब मांडावा लागतो. कारण फुरसत ही या कामगारांना कोणी बक्षीस दिलेली नव्हती. एकोणिसाव्या शतकात गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले आणि आठवड्याची ठरावीक सुटी ठाऊकच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. रविवारची सुटी आणि दुपारी अर्धा तास विसावा या त्यातील मागण्या आज वाचताना किती माफक वाटतात! २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे कायद्याने कामाचे तास हळूहळू उतरत गेले. १९११ च्या कायद्यात कापड गिरणीतील पुरुषांसाठी दिवसाला १२ तास, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८. सहा दिवसांचे ७२ तास धरले तर ३५ वर्षांत आठवड्यामागे २४ तास, म्हणजे एक संपूर्ण दिवस-रात्र, कामगाराच्या पदरात पडली. इतक्या कष्टाने मिळालेली वस्तू माणूस सहसा वाया घालवीत नाही.

हा वेळ घालविण्यासाठी त्याच्याजवळ होते तरी काय? कोकणातून आणि घाटावरून आलेला हा माणूस बहुधा कुटुंब गावी ठेवून आलेला असे. एका खोलीत अनेक जण राहत. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागी अंथरूण पसरी. जेवण खानावळीत. पगारातून गावी मनीऑर्डर गेली, खानावळवालीचे पैसे आणि खोलीचे भाडे चुकते झाले की हाती किरकोळ शिल्लक उरे. ताक्याच्या शेवटी उरलेल्या तुकड्यासारखीच ती शिल्लक! पण कटपीसमधून झबले कसे निघते, हे हुशार शिंप्याला ठाऊक असते.

भजनी मंडळाचेच उदाहरण घ्यावे. पेटी, पखवाज आणि टाळ हा एकदाचा खर्च. वीस जणांनी महिन्याला चार-चार आणे वर्गणी काढली तर महिन्याचे पाच रुपये आणि वर्षाचे साठ होतात. एकट्याला जे झेपत नाही ते वीस जणांना जड जात नाही. एकदा साहित्य आले की पुढे वर्षानुवर्षे केवळ गळा आणि हात यांचीच गुंतवणूक. दोन बुवा समोरासमोर उभे ठाकून रात्र जागविणारी डबलबारी ऐकण्यास चाळीच्या चाळी लोटत. कोकणातील मंडळींनी शक्ती-तुऱ्याचे सवाल-जबाब आणले, घाटावरच्यांनी ढोलकी आणि तमाशा आणला. कबड्डीला तर तेवढीही वर्गणी नको. मोकळी जागा, आखलेल्या रेषा आणि छातीतला दम एवढे भांडवल पुरे. ज्याला अक्षरओळख होती तो वर्तमानपत्र मोठ्याने वाची आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. एका अंकात दहा वाचक!

या पैशांच्या काटकसरीतही कंजूषपणा नव्हता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कंजूष मनुष्य आनंदच टाळतो. काटकसरी मनुष्य त्याची किंमत वाटून घेतो. शिवाय येथे पाहणारा आणि करणारा असे दोन वर्ग फारसे नव्हते. आज टाळ धरणारा उद्या नाटकात उभा राही, परवा गणपतीच्या मंडपाला बांबू बांधी. पदरमोड करून तिकीट काढणाऱ्याला जे मिळते त्याहून करणाऱ्याला अधिक मिळते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात सहसा आढळत नाही.

संस्थांनीही हात दिला. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे. तेथे कामगारांनी स्वतः बसविलेली नाटके होत. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यानंतर कल्याण केंद्रे आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा यांना नियमित आधार लाभला. गिरणीत काम केलेले अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ चे. कविवर्य नारायण सुर्वे याच वस्तीत वाढले. अर्थात, प्रत्येक भजनातून शाहीर निपजला नाही आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. थकलेल्या माणसाची संध्याकाळ बरी गेली, एवढे पुरेसे होते.

वहीची खर्चाची बाजूही लपविता कामा नये. दारूने अनेकांचा पगार घरी पोहोचू दिला नाही. मटका तर थेट कापसाच्या धंद्यातून उपजला. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या उघडत्या आणि बंद होणाऱ्या भावांवर आकडा लावण्याचा नाद पुढे कापूस सुटला तरी सुटला नाही. फुकट वाटणारी ही करमणूक सर्वांत महाग पडली. आणि स्त्रियांचे काय? गिरणीतून सुटलेल्या बाईची दुसरी पाळी चुलीपुढे सुरू होई; खानावळ चालविणारीला तर रविवारही नसे, कारण सुटीच्या दिवशी जेवणारे घरीच असत. मंगळागौर, हळदीकुंकू, फुगडी एवढाच तिचा विसावा. गिरणगावाच्या सुखाचे वर्णन करताना हे खाते बहुधा कोरे सोडले जाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हे जग विरत गेले. गिरण्या बंद पडल्या, कामगार गावी किंवा दूरच्या उपनगरांत गेले. फिनिक्स गिरणीच्या जागी आता मोठे व्यापारी संकुल उभे आहे. तेथे फिरण्यास पैसे पडत नाहीत, मात्र निवांत टेकण्यासाठी बहुतेकदा काही तरी विकत घ्यावे लागते. गिरणी कामगाराजवळ पैसा नव्हता, पण सामाईक जागा होती: चाळीची गॅलरी, जिना, गल्लीचे तोंड, ओटा. त्या जागेचे भाडे कोणी मागत नसे. बंद दाराच्या सदनिकेत राहणाऱ्या आजच्या बेताच्या मिळकतीच्या कुटुंबाला बहुधा पैशापेक्षा ही जागाच कमी पडते. प्रवासाची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. राज्याच्या एस.टी.ने २०२२ साली ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि २०२३ साली स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. परंतु रोजच्या संध्याकाळी जायचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

गावोगावच्या अनेक संस्थांची सभागृहे लग्नसराई आणि उत्सव सोडले तर कुलूपबंद असतात. सतरंज्या आहेत, पंखे आहेत, पाण्याची सोय आहे. आठवड्यातील दोन संध्याकाळी ती उघडली तर विजेच्या बिलात थोडीफार वाढ होईल. वर्तमानपत्राचे सामुदायिक वाचन, मुलांचा बुद्धिबळाचा पट, स्त्रियांचा गाण्याचा वर्ग यांना वेगळा निधी लागत नाही. त्यांतील एक संध्याकाळ केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावी आणि त्या दिवशीचा चहा पुरुषांनी करावा. किल्ली कोणाकडे राहील, एवढेच ठरवायचे आहे.