वंगणाचा हिशेब



या सभेची खुर्ची यंदा तुम्ही पेण-रोह्यातल्या गाडीमालकांनी, चालकांनी आणि गॅरेजवाल्यांनी एका मेस्त्रीला दिलीत. चाळीस वर्षं मी इंजिनं खालून पाहिली आहेत, गाडीखाली आडवा पडून. त्यामुळे बोलणार आहे तेही गाडीखालचंच: ऑईल कधी बदलायचं, कसं बदलायचं आणि काढलेलं ऑईल कुठे जातं.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना खारेपाटातली बैलगाडी आठवत असेल. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा. चाक कुरकुरलं की गाडीवान उतरायचा, आसाला वंगण द्यायचा आणि पुढे निघायचा. वंगण गाडीबरोबर असे, आणि ते कधी द्यायचं हे आस स्वतः सांगत असे. मोटार आल्यावर या दोन्ही गोष्टी आपल्या हातून गेल्या. वंगण दुकानातल्या डब्यात गेलं, आणि वेळ ठरवायला काचेवर एक चिठ्ठी चिकटली: पुढचं ऑईल अमुक किलोमीटरला.

वंगण पुन्हा गाडीबरोबर नेणारी, गाडीतच ऑईल बदलत राहणारी यंत्रणा जगात नवीन नाही. 1990च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कमिन्स कंपनीने आपल्या मोठ्या ट्रक-इंजिनांसाठी ‘सेंटिनेल’ नावाची व्यवस्था आणली. याच कमिन्सने किर्लोस्करांबरोबर 1962 साली पुण्यात कंपनी काढली, म्हणून हे नाव आपल्याला घरचं वाटतं. सेंटिनेलची रीत अशी होती: इंजिनावर किती भार पडला याचा हिशेब त्याचा संगणक ठेवी, त्या मानाने इंजिनाखालच्या चेंबरमधलं थोडंसं जुनं ऑईल काढून डिझेलमध्ये मिसळे, आणि तेवढंच नवं ऑईल वेगळ्या टाकीतून चेंबरमध्ये सोडी. जुनं ऑईल डिझेलबरोबर जळून जाई. फिल्टर तेवढे वेळेवर बदलायचे. चेंबरचा नट खोलून सगळं ऑईल ओतून टाकायचं काम जवळजवळ संपलं होतं. खाणीतल्या प्रचंड डंपरांसाठी कॅटरपिलरनेही याच धर्तीची सोय केली होती.

मेस्त्री म्हणून मला ती कल्पना फार सुंदर वाटते. पण आज आपल्या नव्या गाड्यांवर ती चालणार नाही, आणि का चालणार नाही हे प्रत्येक चालकाला माहीत हवं. 1 एप्रिल 2020पासून देशभर धुराच्या प्रदूषणाचं बीएस-6 मानक लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत फक्त 10 भागांवर आलं, सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली, तिच्यापुढे युरियाची यंत्रणा आली. इंजिन ऑईलमध्ये कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस असतं. ऑईल जळलं की त्याची राख होते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. ती त्या जाळीत साचत जाते आणि जाळी बुजते. एकेकाळी जे ऑईल धुरातून निघून जायचं, त्याला आता गाडीतून बाहेर पडायला चेंबरच्या नटाखेरीज वाट उरलेली नाही. माझ्यापुढे बसलेल्यांपैकी कोणी अजूनही काळं ऑईल गाळून डिझेलच्या टाकीत ओतत असेल, तर बीएस-6 गाडीत ते हात जोडून थांबवा.

आता चिठ्ठीवरच्या किलोमीटरबद्दल बोलतो. आपल्या दोन तालुक्यांत दोन जागा आहेत. एक वडखळ, पेण तालुक्यातलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम 2011च्या सुमारास सुरू झालं आणि त्यानंतर या रस्त्याने आपल्याला काय दाखवलं, ते सांगायची गरज नाही. गणपतीच्या आधीच्या रात्री भरलेला ट्रक वडखळच्या आसपास अडकला की इंजिन चालू, मीटर जागच्या जागी. दुसरी जागा कोलाड, रोहा तालुक्यातलं. 26 जानेवारी 1999 रोजी कोकण रेल्वेने तिथून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवून न्यायला सुरुवात केली. ट्रक चारशेहून अधिक किलोमीटर पुढे जातो आणि इंजिन एक मिनिटही चालत नाही. एका ठिकाणी किलोमीटर शून्य आणि इंजिनाला ताण चालूच; दुसऱ्या ठिकाणी अंतर भरपूर आणि इंजिन थंड. ऑईल किती वापरलं गेलं हे या मुलखात किलोमीटरवर ठरवता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला कुठे मिळाला नाही.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक डंपर ओढून आणला. इंजिन सीज झालेलं. चेंबर उतरवला तर आत ऑईलऐवजी डांबरासारखा गाळ, बिग-एंडची बेअरिंगं पार खरवडून गेलेली. मालक चांगला माणूस, नियमाने वागणारा. त्याने चिठ्ठी दाखवली. ठरलेल्या किलोमीटरला अजून चार हजार बाकी होते. ती चिठ्ठी माझ्याच हाताने लावलेली होती. तो डंपर जेट्टी ते कारखाना अशा आखूड खेपा करायचा, भरण्यासाठी आणि रिकामा होण्यासाठी तासन् तास इंजिन चालू ठेवून उभा राहायचा. त्या दिवशी मी आकडेमोड केली, ती तुम्हीही घरी करून बघा. हायवेवर सरासरी ताशी 40 किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकचे 20,000 किलोमीटर म्हणजे 500 तास. थांबत-थांबत सरासरी 15 किलोमीटरने चालणाऱ्या डंपरचे तेवढेच किलोमीटर म्हणजे तेराशे तासांच्या वर. चिठ्ठी दोघांना एकच, ऑईलचं आयुष्य मात्र अडीच पटींपेक्षा जास्त खर्ची पडलेलं. त्या मालकाला इंजिन बांधायला जे पैसे पडले ते माझ्या अज्ञानाचे होते. तेव्हापासून मी चिठ्ठीवर तास लिहितो.

बीएस-6मध्ये यात आणखी एक भर पडली आहे. जाळीतली काजळी जाळण्यासाठी काही इंजिनं सिलिंडरमध्येच डिझेलचा एक जास्तीचा फवारा उशिरा सोडतात. गाडी मोकळ्या रस्त्यावर असली की हे काम पुरं होतं. वडखळसारख्या ठिकाणी ते पुन्हा पुन्हा अर्धवट राहतं, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. मग ऑईल मोजायच्या दांडीवर ते कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. जुना चालक ते बघून खूश होतो: गाडी ऑईल खात नाही! दांडीवर खुणेच्या वर ऑईल दिसलं तर ती गाडी पुढच्या खेपेला पाठवू नका. ते ऑईल पातळ झालेलं आहे आणि टर्बोचं बेअरिंग त्यावर टिकत नाही.

मग आपण करायचं काय? सेंटिनेलसारखी महागडी यंत्रणा मी मागत नाही. त्या यंत्रणेच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी होत्या: ऑईलची खरी झीज मोजणं आणि ते न सांडता बदलणं. या दोन्ही आपल्या आवाक्यात आहेत. तुमच्या बहुतेक ट्रकांना जीपीएसचा डबा बसलेला आहे. इंजिन किती तास चालू होतं आणि त्यातले किती तास गाडी उभी होती, हे तो सांगू शकतो. आपण त्याच्याकडे गाडी कुठे आहे एवढंच विचारतो. डबा नसेल तर जेसीबीवर असतो तसा तासांचा मीटर बसवा. दुसरं, चेंबरच्या नटाच्या जागी झडप बसवता येते. झडपेला पाइप लावायचा, चावी फिरवायची, ऑईल थेट पिंपात. नटाचे आटे झिजत नाहीत, पोराच्या हातावर कढत ऑईल सांडत नाही, आणि जमीन कोरडी राहते. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांचे भाजलेले हात मी पाहिले आहेत, म्हणून ही झडप मला सगळ्यात मोलाची वाटते.

अशा नोंदीच्या शिस्तीचा नमुना जवळच आहे: एस.टी.च्या रायगड विभागाचं कार्यालय इथेच, पेणच्या रामवाडीला आहे. एस.टी. 1 जून 1948पासून धावते आहे आणि तिचा टिकाव डेपोतल्या खड्ड्यावर, नोंदवहीवर आणि डॉकिंगच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या देखभालीच्या, शिस्तीवर उभा आहे. एका ट्रकच्या मालकाकडे, मिनिडोर रिक्षा चालवणाऱ्या माणसाकडे डेपो नसतो. त्याचा डेपो म्हणजे आपलं गॅरेज. ती जबाबदारी आपण ओळखली पाहिजे.

शेवटी काळ्या ऑईलबद्दल. हा विषय मला सर्वांत जास्त टोचतो. काढलेलं ऑईल सेंट्रिंगच्या प्लेटांना जातं, वीटभट्टीला जातं, वाळवी लागू नये म्हणून दाराच्या चौकटींना फासलं जातं. उरलेलं गॅरेजच्या मागच्या गटारात. पावसाळ्यात ते गटार वाहतं. पेणमध्ये ते भोगावतीकडे जातं, रोह्यात कुंडलिकेकडे, आणि पुढे खाडीला. रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांमुळे कुंडलिकेचं काय झालं हे आपण आपसांत तावातावाने बोलतो. बोललंच पाहिजे. पण एक लिटर वापरलेलं ऑईल दहा लाख लिटर पाणी पिण्यालायक ठेवत नाही, असं मानलं जातं. एका ट्रकच्या चेंबरमधून एका वेळी दहा-पंधरा लिटर निघतं, मोठ्या गाडीतून त्याहून जास्त. खारेपाटात शेततळ्यात जिताडा मासा वाढवणारे आपलेच भाऊबंद आहेत. त्यांच्या तळ्यावर जो तवंग येतो, तो कुठल्या गॅरेजमधून आला हे कधीच सिद्ध होणार नाही. म्हणूनच तो आपण स्वतःच थांबवायचा आहे.

कायदा आता आपल्या बाजूने आहे. वापरलेलं ऑईल 2016च्या घातक कचरा नियमांखाली येतंच. 1 एप्रिल 2024पासून तर ते परत गोळा होऊन शुद्ध व्हावं याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. म्हणजे आपल्या पिंपातल्या काळ्या ऑईलची नोंदणीकृत पुनर्शुद्धीकरण कारखान्यांना गरज आहे. ते पुन्हा ऑईल होऊ शकतं. मात्र दोन-चार लिटरसाठी कोणी पेणपर्यंत गाडी पाठवणार नाही. दोन-चार हजार लिटर एका जागी असेल तर येतील.

म्हणून माझी या सभेला विनंती आहे. पुढचा पाऊस सुरू होण्याआधी पेणला एक आणि रोह्याला एक, अशा दोन पक्क्या फरशीच्या, छप्पर असलेल्या जागा आपण ठरवाव्यात. प्रत्येक गॅरेजने आपलं काळं ऑईल झाकणाच्या पिंपात तिथे आणावं, त्यात पाणी, डिझेल किंवा ब्रेक ऑईल मिसळू नये, आणि किती लिटर आणलं ते वहीत लिहावं. मालकांनी प्रत्येक गाडीला झडप आणि तासांची नोंद यांचा खर्च द्यावा. आणि आज घरी गेल्यावर सर्वांनी आपल्या गाडीच्या काचेवरची चिठ्ठी बघावी. तिच्यावर फक्त किलोमीटर असतील, तर उद्या सकाळी शेजारी तास लिहावेत.