जांभळ्या पानाचा भात

क्लोव्हर हे तीन पानांचे चाऱ्याचे रोप. जपानच्या शिगेओ ओबारा यांनी त्याचे संकर करत करत २००९ साली एकाच देठावर ५६ पाने आणली. आपल्याकडे पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर सिंहगडाजवळ डोणजे इथे जांभळ्या आणि हिरव्या पानांचा भात लावून शेतातच चित्रे उमटवतात. ही सगळी हौस, तिने पोट थोडेच भरते, असे कोणी म्हणेल. शहापूर-मुरबाडच्या भातकऱ्याला मात्र या हौसेची गरज पडणार आहे, असे माझे मत आहे.

कारण लावणीला माणसे मिळेनाशी झाली. मग टोकणीकडे ओढा वाढतो. चंद्रशेखर भडसावळे यांची गादीवाफ्यावरची ‘सगुणा’ पद्धत तर शेजारच्या कर्जत तालुक्यातली, नेरळची. चिखलणी आणि लावणी वाचते, हा मोठाच फायदा. पण चिखलात आणि साचल्या पाण्यात दबणाऱ्या रानभाताला थेट पेरणीत वाव मिळतो. साधे तणनाशक त्याला मारून भात वाचवू शकत नाही, कारण तोही भातच. बेणणीला बसलेल्या बाईची नजर कितीही तयार असो, कोवळेपणी दोघांची पात सारखीच. लोंबी बाहेर पडल्यावर लांब कुसळांवरून तो ओळखू येतो, पण कापणीआधीच त्याचे दाणे झडून खाचरात पुढच्या सालची सोय झालेली असते. छत्तीसगडमध्ये यावर ‘श्यामला’ हे जांभळ्या पानाचे वाण काढले गेले. हिरवे दिसेल ते उपटायचे, एवढाच हिशेब.

तांदूळही जांभळा निघेल, ही शंका खरी नाही. पानाचा आणि दाण्याचा रंग वेगवेगळा राखता येतो. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. वाऱ्याने थोडे परागकण रानभातावर जातातच, आणि जांभळा रंग बहुधा वरचढ ठरतो. म्हणजे तेच वाण सलग लावले तर काही वर्षांत रानभातही जांभळा होणार. म्हणून मधली एक-दोन वर्षे हिरवे वाण घ्यायचे आणि तेव्हा जांभळे रोप उपटायचे. उत्पन्नाचे म्हणाल, तर इथे रुळलेल्या ‘कर्जत-३’सारख्या वाणात हा रंग प्रतिसंकराने उतरवता येईल, कर्जतचे भात संशोधन केंद्र त्यासाठी जवळच आहे. तसे वाण हाती आले तरी ते सगळ्या शेतात लावायची गरज नाही. रानभात माजलेले खाचर तेवढे पुरे.