अनुभवी शस्त्रवैद्याची निवड

घरांतील कोणाचें पोट एकाएकीं दुखूं लागतें, तपासण्या होतात, पित्ताशयांत खडे आहेत असें निष्पन्न होतें, आणि शस्त्रक्रिया हा शब्द प्रथमच माजघरांत उच्चारला जातो. साधें लुगडें घेतांना चार दुकानें पालथीं घालणारें कुटुंब अशा वेळीं बहुधा शेजाऱ्यानें सुचविलेलें पहिलेंच नांव पत्करतें. यांत आळस नसतो, भीति असते. भ्यालेल्या माणसाला चौकशी करणें म्हणजे उद्धटपणा वाटतो.

वस्तुतः वैद्याच्या हाताची परीक्षा ही फार जुनी गोष्ट आहे. शिष्यानें रोग्यावर शस्त्र धरण्यापूर्वीं भोपळा, कलिंगड, काकडी अशा फळांवर छेद घेण्याचा सराव करावा असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. पुष्कळ शिकलेला परंतु सराव नसलेला वैद्य तेथें कर्माला अयोग्यच ठरतो. आज एम्. बी. बी. एस्. नंतर तीन वर्षें शिकून एम्. एस्. ही पदवी मिळते. ती आहे कीं नाहीं, आणि नांव वैद्यक परिषदेच्या नोंदणींत आहे कीं नाहीं, हें पाहणें अवश्यच. पण पाटीवरील अक्षरांवरून हात कळत नाहीं.

हाताचें महत्त्व किती, याचा एक चोख हिशेब उपलब्ध आहे. दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढण्याची रीत भारतांत १९९० सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं आणली. अमेरिकेंतही ती त्याच सुमारास पसरत होती. तेथील दक्षिणेकडील शस्त्रवैद्यांनीं १९९१ सालीं १,५१८ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. प्रत्येक गटाच्या पहिल्या तेरा रोग्यांत पित्तनलिकेला इजा होण्याचें प्रमाण शेंकडा २.२ होतें, पुढच्या रोग्यांत तें शेंकडा ०.१ वर आलें. ही इजा किरकोळ नव्हे. नलिका कापली गेली तर दुसरी, पहिलीहून मोठी शस्त्रक्रिया वांट्याला येते, आणि कांहींना वर्षानुवर्षें त्रास भोगावा लागतो.

मग त्या पहिल्या तेरांत कोणीं जावें? हा प्रश्न अडचणीचा आहे, आणि तो टाळूं नये. सर्वांनींच पिकल्या केसांचा आग्रह धरला तर नवे हात तयार व्हावयाचे कसे? उत्तर इतकेंच कीं नवशिक्यानें जाणत्याच्या नजरेखालीं काम करावें, आणि टेबलापाशीं कोण उभें राहणार हें रोग्याला आधीं ठाऊक असावें. शिवाय पिकले केस म्हणजे अनुभव नव्हे. वीस वर्षें अंतर्गळच दुरुस्त करणाऱ्यापेक्षां गेल्या वर्षांत शंभर पित्ताशयें काढलेला चाळिशीचा माणूस या कामाला अधिक बरा. म्हणून विचारावयाचें तें हेंच : ही शस्त्रक्रिया आपण गेल्या वर्षांत किती वेळां केली? भूल कोण देणार? रात्रीं रक्तस्राव झाला तर कोण येईल? आणि शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? खडे असून मुळींच त्रास नसेल, तर बहुतेकांना शस्त्राची गरज नसते. हें स्वतः होऊन सांगणाऱ्या डॉक्टरावर विश्वास टाकण्यास हरकत नाहीं.

आणखी एक प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. दुर्बिणीनें काम सुरू केल्यावर आंतील भाग सुजलेले, चिकटलेले आढळले तर आपण काय कराल? जो म्हणतो, "पोट उघडून काम पुरें करीन, किंवा तेवढ्यावरच थांबेन," त्याचें उत्तर जाणत्याचें आहे. जो हंसून म्हणतो, "तसा प्रसंग माझ्यावर कधींच येत नाहीं," त्याच्याकडून कागदपत्रें परत घेऊन दुसऱ्याचें मत घ्यावें. त्यानें कोणाचा अपमान होत नाहीं; झालाच तर तोही एक निकाल समजावा.

हें सर्व सवडीच्या दुखण्यापुरतें. आंत्रपुच्छ फुटलें असतां मध्यरात्रीं नांवांची यादी करीत बसण्यास वेळ नसतो. जेथें भूल देणारा आणि शस्त्रवैद्य दोघेही तत्काळ हजर असतील, असें जवळचें रुग्णालय गांठावें. तें कोणतें, हें घरच्या डॉक्टराला आजच, सर्वजण धडधाकट असतांना, विचारून ठेवतां येतें.