अर्ज फिरून त्याच ठाण्यात
(पाड्यावरच्या बैठकीतलं भाषण)



दळीच्या भांडणात आपल्या एका भावाला हवालदाराने ठाण्यात नेऊन मारलं. आपण जिल्ह्याला एस.पी. साहेबांकडे अर्ज केला. तो अर्ज 'चौकशीसाठी' खाली खाली सरकत त्याच ठाण्यात आला. चौकशीला पाड्यावर आला कोण? तोच हवालदार! कोंबडी मागितली ती वेगळीच. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन गेला. मागून कळलं, वर लिहिलं होतं, 'माझी काही तक्रार नाही.' अर्ज निकाली.

अंगठा दिला तिथं आपण फसलो. १९७३ च्या फौजदारी कायद्यात हे कलम १५४ होतं, २०२४ पासून नव्या कायद्यातही हाच नियम आहे. गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी ठाण्याने लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मगच अंगठा. नक्कल फुकट. घेत नसतील तर एस.पी.ला टपालाने धाडता येते. तिथंही दाबली तर मॅजिस्ट्रेटपुढे आपण थेट फिर्याद करू शकतो. आणि अटक झालेल्याला कोर्टात उभं केलं की त्याने गप्प राहायचं नाही, अंगावरचे वळ साहेबाला दाखवायचे, डॉक्टरी तपासणी मागायची.

सोमवारी दुसरा अर्ज टपालाने टाकतोय. पोचपावती संघटनेच्या पेटीत राहील. चौकशीला कुणी आलं तर हाळी द्या, सगळा पाडा गोळा होऊ द्या, मगच जबाब.