उन्माद-विषादाचा विकार आणि शरीराची संरक्षक यंत्रणा



सोयरीक जुळविताना जे दुखणे आपण सर्वांत कसोशीने झाकतो, त्याविषयी आज बोलावयाचे आहे. कधी उन्माद, तर कधी घोर विषाद असे ज्याचे स्वरूप, त्या 'बायपोलर' विकारास कोणी बाहेरची बाधा म्हणते, कोणी घराण्याचे वैगुण्य. परंतु जंतूंशी झुंजणाऱ्या शरीराच्या संरक्षक यंत्रणेचाही त्यात भाग असावा, असे आता दिसू लागले आहे. उन्मादाच्या भरात अनेक रुग्णांच्या रक्तात दाह दर्शविणारी द्रव्ये वाढलेली आढळतात. डेन्मार्कमधील पस्तीस लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरून २०१३ साली असे दिसून आले की, संसर्गामुळे रुग्णालयात जावे लागलेल्यांना पुढे मनोवस्थेचे विकार होण्याचा संभव सुमारे ६२ टक्क्यांनी अधिक असतो. म्हणून ताप आला की वेड लागते, असे मात्र कोणी समजू नये! बहुतेकांना काहीच होत नाही.

मग दाहशामक औषधांनी हा विकार हटेल काय? पाकिस्तानात मिनोसायक्लिन व सेलेकॉक्सिब ही औषधे या विकारातील विषादावर देऊन पाहिली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ दिसला नाही. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली पुढे आणलेले लिथियम आजही मोठा आधार आहे. डॉक्टरांना विचारल्यावाचून ते सोडू नये.

आपल्या वधूवर-सूचक मंडळाच्या चालकांस एक विनंती आहे. असे दुखणे प्रामाणिकपणे कळविणाऱ्या घराचे नाव यादीतून परस्पर खोडू नये.